सडकी बादली

सकाळी कढीपत्ता तोडायला म्हणून भिंतीशी गेले आणि पाऊण तास तिथेच उभी राहिले. झाड वहिनींच्या अंगणात, फांद्या आमच्या अंगणात आणि मधली भिंत जेमतेम छातीइतकी. सहकारनगरातल्या जुन्या बंगल्यांना ही एक चैन आहे. वहिनी धुणं वाळत घालत होत्या. मला बघताच हातातला पिळा त्यांनी पुन्हा बादलीत टाकला, तेव्हाच कळलं की काहीतरी शिजतंय.

"काकू, मी पुरती अडकले हो. गणपतीच्या आधीच्या रविवारी मंडळाचा मेळावा आहे. पर्यावरण, रक्तदान, डोळेतपासणी, सगळं एका मांडवाखाली. आणि मला म्हणाले, घरच्या घरी विसर्जन कसं करायचं त्याच्या माहितीचा स्टॉल तुम्ही लावा. तुम्ही जूनमध्ये लावला होतात ना? काय काय लागतं तेवढं सांगा, मी यादी करते."

"एक सडकी बादली लागते," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. थट्टा नव्हती, पण ते कळायला जूनची सगळी हकीकत ऐकायला हवी. ती सांगायची संधी मी दोन महिने शोधतच होते.

तर पाच जून. पर्यावरण दिन. १९७२ साली स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, त्याच वर्षी हा दिवस ठरला आणि पुढच्या वर्षापासून जगभर पाळायला लागले. स्टॉकहोममध्ये त्या दिवसांत हवा कशी असते देव जाणे, पण पुण्यात पाच जून म्हणजे वारा, धूळ आणि कुठल्याही क्षणी येणारी सर. महापालिकेच्या बागेत मांडव होता. वेळ दहाची. प्रमुख पाहुणे आले पावणेबाराला. माझा स्टॉल ओल्या कचऱ्याच्या खताचा. मांडववाल्यानं सहा फुटी टेबल दिलं, त्याचा एक पाय आखूड. त्यावर जांभळं सॅटिन आणि सोनेरी झालर, म्हणजे लग्नात आहेर घ्यायला बसल्यासारखी मी दिसत होते. टेबलावर पाचशे पत्रकं. दोन्ही बाजूंनी छापलेली. खत म्हणजे काय, का करावं, कसं करावं, फायदे बारा.

"बारा?"

"बारा. यांनी लिहिलं होतं ते. बँकेत होते ना, परिपत्रकाची सवय."

सव्वाअकराला पहिली वावटळ आली. पत्रकं उडाली ती थेट रक्तदानाच्या तंबूत. तिथून एक मुलगा गोळा करून घेऊन आला आणि फार सज्जनपणे म्हणाला, काकू, यातलं एक मी ठेवू का, वारा घ्यायला? त्यानंतर मी गठ्ठ्यावर घरून आणलेला बत्ता ठेवला. दिवसाअखेर मोजली, तर तीनशे ऐंशी शिल्लक. गेलेल्या एकशेवीसपैकी निम्म्यात समोरच्या गाडीवाल्यानं भेळ बांधून दिली असणार. भेळ मात्र चांगली होती.

वहिनी हसल्या, पण मनात यादीवरचं 'पत्रकं' खोडत होत्या हे मला दिसलं. म्हटलं, अगदी खोडू नका. शंभर काढा, हातरुमालाएवढी, एका बाजूला. प्रमाण, दिवस, पावडर कुठे मिळते आणि अडलं तर विचारायला तुमचा नंबर. बास. खरंच विचारतो त्यालाच द्यायचं. वाटत सुटायचं नाही. फुकट वाटलेल्या कागदाचं काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि फ्लेक्स करू नका. आमच्या प्रवेशद्वारावर 'प्लास्टिक हटवा' असा पंधरा फुटी फ्लेक्स होता. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसीच की. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून भाजीवाल्याला पिशवी मागितली तर तो आपल्याकडे चोरासारखा बघतो, आणि हे पंधरा फूट! माझ्या शेजारच्या स्टॉलवर शाळेची मुलं कागदी पिशव्या करत होती. त्यांतला एक पाचवी-सहावीतला मुलगा येऊन त्या फ्लेक्सखाली उभा राहिला, वर बघितलं आणि बाईंना विचारलं, "हा कुठल्या डब्यात टाकायचा?" बाईंनी त्याला पाणी प्यायला पाठवलं.

"मग पाटी कशाची करू?"

"जुनी चादर. पांढरी. तुमच्या लेकीचं अक्षर चांगलं आहे, तिच्याकडून रंगवून घ्या."

शब्दांचंही सांगते. माझ्या पाटीवर सकाळी होतं, 'वसुंधरा वाचवा'. लोक वाचायचे, मान डोलवायचे आणि रोपांच्या रांगेकडे जायचे. फुकट रोपं होती ना! वड, पिंपळ, कडुनिंब. तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस वड घेऊन कुठे जाणार हे कुणी विचारलं नाही. बायका विचारत होत्या, तुळस आहे का? तुळस नव्हती. बारा वाजता मी कंटाळले, फळा घेतला आणि खडूनं लिहिलं: 'घरी खत करा, मिळकतकरात सूट मिळवा'. वहिनी, पुढच्या दहा मिनिटांत माझ्यापुढे रांग! गांडूळखत, सौरऊर्जा, पावसाच्या पाण्याचं संकलन, यांपैकी एक चालू असेल तर महापालिका सर्वसाधारण करात पाच टक्के सूट देते, दोन असतील तर दहा. हे वर्षानुवर्षं आहे, पण ठाऊक किती जणांना? एक गृहस्थ, पांढरी टोपी, हातात छत्री, मला म्हणाले, "नुसतं पिंप ठेवून चालेल की खतही करावं लागेल?" म्हटलं, खतही करावं लागेल. ते विचारात पडले.

तेवढ्यात वरून आवाज आला, "वसुंधरेपेक्षा पावती मोठी!" अण्णा. वहिनींचे सासरे. गच्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात, पण वाचतात कमी आणि आमचं ऐकतात जास्त.

"अण्णा, तुम्ही ते पेपरातलं शब्दकोडं सोडवा," वहिनी म्हणाल्या.

"सुटलं केव्हाच. बादलीचं सांगा."

तर बादली. घरून मी तीन बादल्या नेल्या होत्या. पहिलीत आदल्या दिवशीचा कचरा: मेथीच्या काड्या, आंब्याच्या साली, चहाचा चोथा. दुसरीत तीन आठवड्यांचं, अर्धवट झालेलं. तिसरीत दोन महिन्यांचं तयार खत, चाळलेलं. ही कल्पना चांगलीच होती आणि टेबलावर बसून ती मी वाया घालवत होते. बादल्या सॅटिनच्या मागे, मी खुर्चीत, लोक पलीकडे. कोण कशाला वाकून बघेल? पाहुण्यांच्या भाषणाच्या वेळी एक चार-पाच वर्षांची मुलगी टेबलाखालून आत आली आणि तिसऱ्या बादलीत तिनं कोपरापर्यंत हात घातला. तिची आई ओरडत आली. "शी! कचऱ्यात हात!" मुलीनं हात बाहेर काढला आणि आईच्या नाकाशी नेला. आई थांबली. पुन्हा वास घेतला. मला म्हणाली, "हा तर पहिल्या पावसाचा वास आहे."

आहेच तो. मातीत ॲक्टिनोमायसिटिस नावाचे सूक्ष्मजीव असतात, पहिल्या पावसाच्या वासामागे तेच आणि मुरलेल्या खताच्या वासामागेही तेच. हे मी पत्रकात मुद्दा क्रमांक सातमध्ये लिहिलं होतं म्हणा, म्हणजे यांनी. कुणी वाचलं नव्हतं. त्या बाईनं मात्र पुढच्या पाच मिनिटांत चौघींना हाताला धरून आणलं आणि वास घ्यायला लावला. मी खुर्ची घडी करून ठेवली, बादल्या टेबलापुढे जमिनीवर मांडल्या आणि स्वतः पुढे येऊन उभी राहिले. सबंध दिवसातलं माझं शहाणपण एवढंच.

"पण सडकी बादली यात कुठे आली?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा धीर सुटत चालला होता. कपडे बादलीत तसेच.

आली ना. दुसरी. तीन आठवड्यांची. जूनमधल्या त्या उकाड्यात सकाळी बागेत नेली, झाकण उघडलं आणि माझंच नाक मुरडलं. पाणी जास्त झालेलं, खाली चिकट लगदा आणि वास असा की मासळीबाजार बरा. कारण सरळ होतं: लग्नाला म्हणून आठ दिवस सांगलीला गेले होते, यांनी रोज कचरा टाकला, वर कोरडं काही टाकलं नाही. ओल्यात नायट्रोजन, सुक्यात कार्बन, आणि सूक्ष्मजीवांना नायट्रोजनच्या तीसपट कार्बन लागतो. सोप्या भाषेत, जेवढा ओला तेवढाच सुका पाला घाला, थोडा जास्तच. नाही घातला तर हवा खेळत नाही, आतलं कुजण्याऐवजी नासतं. मला इतकी लाज वाटली की मी ती बादली झाकण लावून टेबलाखाली सारली.

आणि बघा, दर तिसरा माणूस तेच विचारायचा. वास येतो का हो? आमच्याकडे आला म्हणून आम्ही बंद केलं. आमच्या सासूबाईंनी फेकून दिलं. वरच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली. मी सांगतेय, नाही हो, नीट केलं तर वास येत नाही, आणि पायाशी माझीच बादली घमघमतेय. दीड वाजता एका आजींनी सरळ विचारलं, "मग हा कशाचा येतोय?"

वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

काढली बाहेर. काय करणार! म्हटलं, आजी, हा माझाच पराक्रम. सांगितलं सगळं, सांगलीचं लग्न, यांचा निष्काळजीपणा. ते मागेच उभे होते. मग तिथल्या तिथे बागेतला वाळका पाला कुस्करून दोन ओंजळी घातला, काठीनं खालवर केलं, वरून वाटीभर आंबट ताक शिंपडलं. घरून नेलं होतं, जेवणासाठी. आजींना म्हटलं, बसा दहा मिनिटं. वास काही दहा मिनिटांत जात नाही, पण पाल्याखाली दबतो, पाणी शोषलं जातं, फरक नाकाला कळतो. आणि तिथे मग जी गर्दी झाली, वहिनी! प्रत्येकाची एकेक नासलेली बादली बाहेर आली. कुणाकडे अळ्या झालेल्या. पांढरट, जाडजूड, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, त्या उलट कचरा भराभर खातात, चावत-बिवत नाहीत, कोरडा पाला वाढवला की कमी होतात. कुणी उसाची चिपाडं अख्खी टाकलेली. कुणी पाला कुठून आणू म्हणून अडलेली. तिला सांगितलं, पुण्यात अदिती देवधरांनी २०१६ ला ब्राउन लीफ सुरू केलंय, ज्यांच्याकडे पाला आहे ते, ज्यांना हवाय त्यांना देतात, जाळत नाहीत. तीन वाजेपर्यंत माझं डबा खाणं झालं नाही. ताक तर गेलंच होतं.

"श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार!" अण्णा वरून. "तासगावचे द्राक्षवाले शेतकरी काय व्याख्यानं ऐकून शिकले? एकमेकांच्या बागेत जाऊन, तुझं काय चुकलं, माझं काय चुकलं, असं करत शिकले. 'विपुलाच सृष्टी' वाच, सूनबाई. कपाटात आहे."

"वाचते, अण्णा." (ते पुस्तक मागच्या दिवाळीपासून माझ्याकडे आहे. मी गप्प बसले.)

त्या गर्दीत माझ्यापेक्षा भाव खाल्ला तो आमच्या गल्लीत कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनी. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या. त्यांची फेरी संपवून सहज डोकावल्या होत्या. मी म्हटलं, या, उभ्या राहा. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर एक मिसळलेली पिशवी ओतली आणि हातमोजे घालून वेगळं करत बोलायला लागल्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, जोडलेला राहू द्या; तो तुकडा एवढासा, आम्हाला सापडत नाही, मग गटारात जातो. पिशवी विसळून द्या, नाहीतर माझ्या हातगाडीला मुंग्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करा, म्हणजे मला उघडून बघावं लागत नाही. हे शेवटचं त्या अगदी सहज बोलल्या, आणि घोळका एकदम गप्प झाला. बरेच जण जमिनीकडे बघत होते. त्यांत मीही होते, कारण ठिपक्याचं मला ठाऊक होतं आणि मी दर वेळी करत होते असं नाही. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून या बायकांसाठी उभी आहे, आणि आम्ही त्यांना स्टॉलवर बोलवायचं ऐनवेळी सुचलं म्हणून बोलावलं. आयोजकांनी तर व्यासपीठावर एकीलाही बसवलं नव्हतं. त्याबद्दल मी लिहून पाठवलंय. उत्तर नाही. येणारही नाही.

"सूर्यचुलीवाल्या काकांचं काय झालं हो? यांनी सांगितलं होतं काहीतरी."

"ढग आले. शेंगदाणे कच्चेच राहिले. ते तरी काय करणार, जूनमध्ये सूर्यचूल मांडायची कुणाची कल्पना होती कुणास ठाऊक. लोकांनी कच्चे खाल्ले."

आता तुमच्या स्टॉलचं. अभिप्रायाची वही ठेवूच नका. माझ्या वहीत साठ जणांनी 'स्तुत्य उपक्रम' लिहिलं, त्यांतला एकही पुन्हा दिसला नाही. एका साध्या कागदावर अकरा जणांचे पत्ते घेतले, ज्यांनी म्हटलं की घरी येऊन दाखवा. पंधरा दिवसांत अकराही घरी जाऊन आले. सात बादल्या आजही चालू आहेत. एक तर त्या टोपीवाल्या गृहस्थांची. नुसतं पिंप ठेवणारे! आता खत चाळून शेजाऱ्यांना वाटतात आणि वर मलाच प्रमाण शिकवतात.

"पण काकू, मी काय मांडू? माझं रसायनाचं. अमोनियम बायकार्बोनेट. नावच ऐकून लोक पळतील."

म्हटलं, तेच सांगायचं की बेकरीवाले बिस्किटं फुलवायला वापरतात ते हे. आणि पद्धत आपल्याच पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली, महापालिका पावडर वाटते हेही ठाऊक आहे लोकांना. प्लास्टर ऑफ पॅरिस नुसत्या पाण्यात महिनोन् महिने तसंच राहतं. यात मात्र त्याचं विघटन होतं, खाली खडूसारखा कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, ते पातळ करून झाडांना चालतं. एवढं तुम्हाला तोंडपाठ आहे की. पण लोक विचारणार, किती दिवस लागतात, ढवळावं किती वेळा, वास येतो का. अमोनियाचा येतो थोडा, बंद बाथरूममध्ये करू नका म्हणावं. शाडूची आणली तर हे काहीच नको, हेही पहिल्यांदा सांगा. प्रामाणिकपणा बरा असतो. आणि हो, मूर्ती ठेवू नका स्टॉलवर. विरघळायला घातलेली तर मुळीच नको. अर्धवट झालेलं रूप बघून कुणाला वाईट वाटलं तर त्यात त्यांची चूक नाही. पीओपीचा साधा तुकडा घ्या, छताला लावतात त्या नक्षीचा. दोन पारदर्शक बरण्या, एकीत साधं पाणी, एकीत द्रावण, दोन दिवस आधी घालून ठेवा. लोकांना बोलावून बोलावून दाखवायला लागणार नाही.

वहिनी एकदम गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "काकू, कुणाला सांगू नका. गेल्या वर्षी मी आधी तसाच एक तुकडा घालून बघितला होता. रंगीत तालीम म्हणून. पावडर कमी पडली, मुंबईहून नणंद आली, ढवळायचंच राहिलं. पंधरा दिवसांनी बघितलं तर खाली दगड! बादलीला असा चिकटलेला की निघेना. म्हणूनच तर मंडळात नाही म्हणत होते मी. ज्याला स्वतःला जमलं नाही त्यानं…"

"वहिनी!" मी भिंतीवरून जवळजवळ पलीकडेच गेले. "ती बादली कुठे आहे?"

"का?"

"तीच मांडायची. मधोमध. बाजूला दोन्ही बरण्या. ढवळलं नाही तर काय होतं ते दाखवायला याहून चांगलं काय मिळणार? गणपतीत घरोघरी हेच होणार आहे, पाहुणे येणार आणि ढवळायचं राहणार."

त्यांना पटायला वेळ लागला. लोक हसतील म्हणाल्या. म्हटलं, हसू देत. हसणारा माणूस निदान पुढ्यात उभा तरी राहतो. मान डोलवणारा निघून जातो. दुपारी एक ते तीनला स्टॉलवर कोण बसणार ते मात्र आजच ठरवा. त्या वेळी सगळ्यांनाच घरी काम निघतं. मी बसेन. ताईंनाही आजच सांगा, निर्माल्य वेगळं कसं द्यायचं ते त्या सांगतील. या खेपेला आधी सांगा, आणि त्यांना खुर्ची द्या.

घरात कुकरची तिसरी शिट्टी झाली, माझ्याच. निघता निघता पुन्हा विचारलं, "बादली शोधून ठेवा हं. टाकली नाहीत ना?"

उत्तर गच्चीतून आलं. "टाकली कशाला असेल? तुमचं फाटक वाऱ्यानं आपटतं म्हणून चिरंजीवांनी जून महिन्यात मागच्या बाजूला टेकू लावून दिला होता ना, काकू? तीच ती."

मी वळून आमच्या फाटकाकडे बघितलं. निळी बादली, उलटी घातलेली. वरती आमचं मांजर झोपलं होतं.